चुन्याच्या कवचातली आजी

प्रिय ओकरान,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. आधी कामाचंच सांगते, त्यानेच डोक्याचा पार भुगा झालाय. रस्त्यासाठी टेकडीवरची थडगी हलवताना तुझ्या सासरची चारशे वर्षांपूर्वीची आजी चुन्याच्या कवचात जशीच्या तशी सापडली ना, तिची तपासणी माझ्याकडे आली. तुझ्या थोरल्या चुलत सासऱ्यांनी दमच भरला, "डॉक्टरीणबाई, आमच्या सुनेची थोरली बहीण म्हणून परवानगी देतोय. पण सुरी लावलीत तर याद राखा! एवढी पतिव्रता, तिला काय कोंबडीसारखी फाडणार?" मग आम्ही मृतांच्या रीतीप्रमाणे तिच्यापुढे दारू ठेवली, दोनदा वाकून नमस्कार केला, कुशीला मटाराच्या दाण्याएवढं छिद्र पाडलं आणि बारीक नळीच्या टोकावरचा कॅमेरा आत सोडला.

तिची कथा तुला पाठच आहे. नवरा गेल्यावर एकवीस दिवस अन्नाचा कण घेतला नाही आणि त्याच्यामागे गेली. वेशीवरची लाल कमान तिच्याच पातिव्रत्याच्या मानाची. आणि पडद्यावर काय दिसावं? आतडी भरलेली! चिमट्याने नमुना काढला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. भात, तीळ, माशाचे बारीक काटे.

त्याच चुलत सासऱ्यांना बोलावून दाखवलं. चष्मा पुसत म्हणाले, "त्यात काय एवढं! मेलेल्याच्या तोंडात आपण तीन चमचे तांदूळ घालतो, तेच हे." म्हटलं, ते तांदूळ तोंडातच आहेत, कच्चे. हे शिजवलेलं, चावलेलं, गिळलेलं आहे. चष्मा पुन्हा पुसला बिचाऱ्यांनी. मग हळूच म्हणाले, "अहवालात हे लिहायलाच हवं का हो?"

मला काही सुचेनासं झालंय. अहवाल शुक्रवारी द्यायचाय, आणि त्यावरून तिच्या नव्या थडग्याच्या शिळेवरचा मजकूर ठरणार. ती उपाशी राहिलीच नव्हती? की राहिली होती आणि एखाद्या जावेने गुपचूप भरवलं? की तिलाच भूक अनावर झाली, आणि मग भलत्याच दुखण्याने गेली? कॅमेरा पोटात शिरतो, मनात नाही. खोटं लिहिलं तर मी डॉक्टर कसली? खरं लिहिलं तर सासरी तुला काय काय ऐकावं लागेल? तीनदा लिहून तीनदा फाडलं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. निघताना जिन्यात सासरे मोठ्या अभिमानाने म्हणाले, "आमची ओकरान अगदी त्या आजीच्या वळणावर गेलीय. नवरा गेल्यापासून पेजेच्या चार घोटांवर आहे, बघा!" महिनाभर मी समजत होते की तू नुसती थकली आहेस. तुला वाळताना बघून ती माणसं माना डोलावताहेत आणि मला पत्ताच नाही! अहवालात काय लिहीन ते अजून कळत नाही, पण तुला सांगायला शुक्रवारपर्यंत थांबवेना. नवरा गेल्यावरही ती जेवली होती गं. माशाचा काटा दाताखाली येईपर्यंत जेवली होती. तूही जेव. शनिवारी मी न्यायला येतेय, नाही म्हणू नकोस.

तुझीच, डोकं ठिकाणावर नसलेली,
सुग्योंगताई