एका बशीतले अठरा स्क्रू

ती. मामास,

शिरसाष्टांग नमस्कार. (हा शब्द आईला विचारून लिहिलाय. इंग्लिश मीडियममध्ये आम्हाला पत्र फक्त प्रिन्सिपलला लिहायला शिकवलं, आणि तेही ताप आल्याचं.) गुडघा कसा आहे? हाताची थरथर? नातू अजून तुझा चष्मा चाटतो का? आम्ही इथे मजेत. म्हणजे अगदी मजेत नाही, पण ते पुढे येईलच. फोनच करणार होते, पण फोनवर कर्नलकाकांचं नाव निघालं की तुझी रेंज जाते, म्हणून कागद. कागद मध्येच कट करता येत नाही.

तर हो, कर्नलकाका. आधी पूर्ण वाच, मग फाड.

तुला सगळं माहीत आहे, पण मला कसं आठवतं ते सांगते, कारण मी ते सगळं टेबलाखालून बघितलंय. मी सात वर्षांची होते. तू आणि कर्नलकाका (जे आयुष्यभर पोस्टात होते आणि सैन्याशी ज्यांचा संबंध फक्त मिशांपुरता) अर्धे अर्धे घालून एका लिलावातून ती बेल्जियमची जोडी घेऊन आलात. ठासणीची पिस्तुलं, द्वंद्वयुद्धाची, दोन्ही दस्ते एकाच अक्रोडाच्या फळीतले, आणि नळीवर सोन्याने बसवलेले आकडे, एकावर एक आणि दुसऱ्यावर दोन. एक नंबर तुझं, दोन नंबर त्यांचं, आणि मखमली खाचांची ती पेटी एक महिना तुझ्याकडे, एक महिना त्यांच्याकडे. पेटी जिथे असेल तिथे रविवारी दुपारी दोघं आपापलं पिस्तूल घेऊन हजर. तेलाचा वास, फाटक्या बनियनच्या चिंध्या, आणि तुमच्या हातून सुटलेले स्क्रू शोधायला टेबलाखाली मी. म्हणून तर माझं नाव छर्रा पडलं. तुम्ही चार-चार तास बोलायचात आणि एकही वाक्य पिस्तुलाबाहेर जायचं नाही. मला वाटायचं, मोठी माणसं अशीच असतात. आता मोठ्या माणसांत राहते तर कळतं, ती पार्किंगबद्दल बोलतात.

मग एका महिन्यात पेटी आठ दिवस उशिरा आली आणि तू म्हणालास, "पोस्टात होतास ना, उशीर तुझ्या हाडात मुरलाय." ते पेटी ठेवून, चपला घालून निघून गेले. अकरा वर्षं झाली. (मी तेव्हाही टेबलाखालीच होते. मला फक्त चपला दिसल्या. डावी आधी घातली, मग बराच वेळ उजवी घातलीच नाही. तू काहीतरी बोलशील म्हणून थांबले असावेत, असं मला आता वाटतं.) पेटी तुझ्याकडे राहिली आणि पेटीतला छोटा स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशात गेला. दुसरा कुठलाही स्क्रूड्रायव्हर लावला तर स्क्रूची खाच फाटते, आणि तू कोणाला लावू दिला नाहीस, म्हणून एक नंबर तेव्हापासून उघडलेलंच नाही. गेल्या वर्षी तू लेकाकडे, दादाकडे राहायला गेलास, घरात लहान मूल म्हणून पिस्तूल आईच्या कपाटात स्वेटरांच्या मागे ठेवलंस आणि रिकामी पेटी तेवढी बरोबर नेलीस. दादा सांगतो, त्यात तू औषधं ठेवतोस. एका खाचेत बीपीची, दुसरीत गुडघ्याची.

आता मूळ मुद्दा. गेल्या महिन्यात एक नंबरचा घोडा जाम झाला. मागे ओढला तर अर्ध्यावर अडकतो. तुला सांगितलं तर तू म्हणालास, "राहू दे, मीही अर्ध्यावरच अडकलोय." मला नाही ते आवडलं, मामा. त्या रात्री मला झोप नाही लागली, आणि ते पिस्तुलामुळे नव्हतं.

तेवढ्यात आमच्या चष्म्याच्या दुकानात कर्नलकाका आले. (मी दिवसाला चाळीस चष्म्यांचे स्क्रू आवळते. पुढे जो गाढवपणा केला त्याला हा आत्मविश्वास कारणीभूत आहे.) मिशा पांढऱ्या झाल्यात पण ताठ आहेत. डोळे तपासायला बसवलं तर तक्त्यावरची सगळी अक्षरं घडाघडा म्हणाले, अगदी खालची ओळसुद्धा. डॉक्टर खूश. मी सांगितलं, "डॉक्टर, हा तक्ता आपण दिवाळखोरीत निघालेल्या दुकानातून गेल्या आठवड्यात आणलाय. काका जुना तक्ता म्हणतायत." पाठ केलेला होता रे. त्यांना वरचं एक मोठं अक्षर सोडून काही दिसत नव्हतं. मग उठताना त्यांच्या हातून चष्मा पडला, स्क्रू उडाला, मी सवयीने टेबलाखाली घुसून तो काढून दिला, तर वरून आवाज आला, "छर्रा?" चेहरा दिसला नसेल, पण टेबलाखालून कोण येतं ते माहीत होतं. मी हो म्हटलं आणि चष्मा मागून घेऊन स्क्रू बसवून दिला.

मी घोड्याचं सांगितलं. ते म्हणाले, "घेऊन ये रविवारी." तुझ्याबद्दल चकार शब्द नाही.

पिस्तूल न्यायचं कसं हा प्रश्न होता. पिशवीतून दस्ता दिसतो, पर्समध्ये नळी मावत नाही. शेवटी आईचा मोठा कुकर घेतला, आत टॉवेल, टॉवेलात एक नंबर, वर पिस्तुलाची कागदपत्रं, आणि झाकण घट्ट लावून बसमध्ये बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, शिट्टी होत नाही का. मी म्हटलं, नाही होत. त्या म्हणाल्या, रिंग बदल. मी म्हटलं, रिंग नाही, घोडा अडकलाय. त्या पुढच्या स्टॉपला उतरल्या. आई म्हणते, "दोन म्हातारे, एक लोखंड, आणि माझा कुकर आठ दिवस तेलाचा वास मारतोय."

कर्नलकाकांचं घर अर्धं बांधलेलं आहे. म्हणजे खोक्यांत बांधलेलं. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला ते मुलीकडे जातायत, कायमचे. भिंतीवरून जुनी रिव्हॉल्व्हरं उतरवून संग्रहालयाला दिलीत, खिळे तेवढे राहिलेत, आणि ते येता-जाता खिळ्यांना हात लावून कुठलं कुठे होतं ते सांगतात. दोन नंबर मात्र कोणाला दिलेलं नाही. ते उशाजवळ टॉवेलात होतं. मी एक नंबर शेजारी ठेवलं. त्यांनी दोन्हींवरून बोटं फिरवली, आकड्यांवर जरा जास्त वेळ, आणि म्हणाले, "याला कोणी नीट तेल दिलं नाही." मग थोड्या वेळाने, "बरा आहे का तो?" मला वाटलं पिस्तुलाबद्दल बोलतायत, पण पिस्तूल तर 'ते' असतं ना.

मग मी एक्साइट झाले. तो छोटा स्क्रूड्रायव्हर मिळाला, हात शिवशिवत होते, आणि दोन्ही शेजारी उघडून बघायचा चान्स परत कधी येणार. म्हणून दोन्ही उघडली. तू लहानपणी शिकवलं होतंस की पुठ्ठ्याला भोकं पाडून स्क्रू ज्या त्या जागी खोचायचे. मी म्हटलं, मी प्रोफेशनल आहे, आणि दोन बशा घेतल्या. एका बशीत नऊ, दुसरीत नऊ. घोडा सुटला, गंज नव्हताच, जुनं तेल गोंदासारखं झालं होतं. मी पुसत बसले आणि कर्नलकाका चहाचं बघायला उठले. त्यांना दुधावर झाकायला बशी हवी होती. हाताला पहिली लागली ती उचलली, त्यातले स्क्रू दुसरीत ओतले आणि बशी घेऊन आत गेले.

अठरा स्क्रू. सगळे सारखे दिसतात. पण हाताने घासून बसवलेले, त्यामुळे ज्याचा तो त्यालाच लागतो. चुकीचा लावला तर अर्धाच आत जाऊन अडतो, आणि जोर केला तर दोनशे वर्षांचा आटा गेला. मी दोन लावून बघितले आणि थांबले. सॉरी मामा. माझीच चूक आहे. डोळे अधू असलेल्या माणसासमोर बशा ठेवल्या कोणी? कर्नलकाका म्हणाले, "हे स्क्रू फक्त तुझा मामा ओळखेल. पण तो येणार नाही." आणि दुधावरची बशी काढून परत ठेवली.

म्हणून दोन्ही पिस्तुलं तिथेच त्यांच्या टेबलावर पडलीयत, उघडी, मधे एक बशी. एक नंबर तुझं आणि दोन नंबर त्यांचं, हे सध्या कोणालाच सिद्ध करता येणार नाही. तुला राग आला असेल. यायलाच हवा. इथे येऊन माझ्यावर काढ.

दादा-वहिनींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझी,
छर्रा

ता. क. तुझा हात थरथरतो, तर स्क्रूड्रायव्हर कसा धरणार, असं म्हणशील. मी धरेन. तू फक्त सांग कुठला कुठे.

ता. ता. क. वरचं पत्र आईने वाचलं आणि पाकिटात घातलं. हे मी बाहेर बसून वेगळ्या चिठ्ठीवर लिहितेय. त्या दिवशी चहा झाल्यावर मी कप धुवायला आत गेले होते. दारातून सहज बघितलं. कर्नलकाका बशी पुढे ओढून बसले होते, डोळे मिटून. एकेक स्क्रू उचलायचे, अंगठ्याचं नख डोक्याच्या खालून फिरवायचे आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचे. एका मिनिटात नऊ आणि नऊ. जरा वेळ दोन्ही ढिगांवर हात ठेवून बसले. मग सगळे परत बशीत ओतले, बोटाने छान ढवळले आणि मला हाक मारून म्हणाले, "काही कळत नाही बुवा. त्यालाच कळव." निघताना मी भिंग लावून बघितलं. डोक्याच्या खाली कानशीने मारलेल्या बारीक रेघा आहेत, एकाला एक, दोनाला दोन. तुम्हीच मारल्या असणार. मी त्यांना काही बोलले नाही, तूही बोलू नकोस. रविवारी ये, आणि ओळखायला भरपूर वेळ लाव. येताना पेटी आण. औषधं दुसऱ्या डब्यात काढून ठेव, तिच्यात जागा दोनच आहेत.