आक्काच्या डब्याची रुजवात

३ जून, मंगळवार

आक्काने पुन्हा रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली! राजापुरात एकटी, चक्कर येऊन ओटीवर पडली. सलिलचा मुंबईहून फोन – "मावशी, गणपती झाले की आईला इकडे आणतो." आक्काचं त्याला उत्तर तयार – "आणि पाचव्या मजल्यावर टांगून ठेव मला!" जन्माची हट्टी. मी धाकटी बहीण, मी कोण सांगणार?

६ जून, शुक्रवार

सलिलची लेक अवनी इथे एमआयडीसीत गाळा घेऊन औषधांचा बोलका डबा बनवते. वेळ झाली की बोलतो, गोळी काढली की पुढच्या वेळेपर्यंत उघडत नाही. आजीसाठीच सुचला पोरीला. डबा चालला तर आक्का राजापुरात राहू शकेल.

मोठी मागणी आली, म्हणून चिप्स परदेशातल्या कारखान्यात घडणार. प्रोग्रॅम आणि आवाज चिपच्या पोटात कोरूनच येणार. मग खोडायचं नाव नाही.

आवाज पुण्याच्या कुणा मुलीचा – "कृपया आपले औषध घ्यावे." हा डबा की रेल्वे स्टेशन? आक्का असल्या गोडबोलीला भीक घालायची नाही! "मग तू बोलून दाखव, मावशीआजी." दाखवलं. अवनी पोट धरून हसली.

१९ जून, गुरुवार

कारखान्याने प्रोग्रॅम आवाजासकट परत पाठवलाय – हाच ना? तपासून सही करा. अवनी म्हणे, "कॉम्प्युटरने ताडलं, जुळलं."

मी उसळले. कोर्टाच्या नक्कल विभागात आयुष्य गेलं माझं! रुजवात म्हणजे एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मुळावर बोट ठेवून चालायचं.

"अगं, नुसते आकडे नि अक्षरं आहेत. कादंबरी नाही."

"सातबाराही कादंबरी नसतो. बस खाली."

बसली बिचारी.

२० जून, शुक्रवार

घसा बसला. पण एक अक्षर चुकलं नाही! अवनीने सही केली. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर असत्या तर पाठ थोपटली असती – आणि लगेच पोक काढून बसल्याबद्दल ओरडल्या असत्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार

नमुन्याच्या चिप्स आल्या. अवनीने एक डब्यात बसवली. डबा खेकसला –

"आक्का! गोळी घे गो. आणि परत घेऊ नको, मी बघत्ये!"

माझा आवाज. पोरीने त्या दिवशी गंमत म्हणून रेकॉर्ड केलेली फाइलच कारखान्याला पाठवली होती! आम्ही नक्कल मुळाशी जुळवली. आवाज ऐकून बघायचं दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. नक्कल विभागात मूळ बरोबर की चूक, असं कधी कुणी विचारायचंच नाही.

"सगळ्या महाराष्ट्रातल्या आजोबांना आक्का म्हणू का आता?" अवनी रडकुंडीला आली. नमुना पसंत केल्याशिवाय बाकीच्या घडवत नाहीत, एवढंच नशीब. पुन्हा कोरायचं, पुन्हा थांबायचं. खूप बोलले तिला. मग थालीपीठ लावलं. रडत रडत तीन खाल्लीन.

१३ ऑगस्ट, बुधवार

एवढा एक डबा वाया का घालवा? एसटीने राजापूरला धाडला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आक्काची खबर नाही. फोन करणार नाही. तिने करावा!

१८ ऑगस्ट, सोमवार

आक्काचा फोन. गोळ्या वेळेवर चालल्यात.

"तो डबा मला रोज हाक मारतो गो. मी ओ देत्ये. तू इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालीस – आक्का, माझ्याकडे ये?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात गणपती कधी ते बघितलं.

मग म्हटलं, "ये."

"डबा आणू?"

"राहू दे. मी आहे ना."