झटका मशीन सूनबाईच्या नावे

मी, खाली सही करणारी, कोंबड्यांवर संसार चालवलेली विधवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर चिरंजीव व सूनबाई या दोघांचे, समसमान. बँकेतील ठेव चिरंजीवांची. पुढचे कलम वाचेपर्यंत तरी त्यांनी खूश राहावे.

२. घरामागची जागा, खुराडे, सर्व कोंबड्या, विजेचे कुंपण व त्याचे झटका मशीन यांची मालकीण एकटी सूनबाई. तिथे गोदाम बांधून भाड्याने द्यायचे चिरंजीवांच्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. सूनबाईच्या लेखी संमतीशिवाय तिथे एक वीटही ठेवू नये.

कारण लिहिते. हे वारले त्या दिवशी, भेटायला येणाऱ्यांना झटका बसू नये म्हणून दिरांनी मशीन बंद केले. पुन्हा चालू करायचे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. कोल्ह्याच्या मात्र लगेच ध्यानात आले. सकाळी जिकडेतिकडे पिसे. मी तिथेच मटकन बसले, वाटले, आता सगळे संपले. सूनबाई तेव्हा घरात नवीन, कोंबडीला हात लावायलाही घाबरायची. ती खुराड्यात वाकून शिरली, वाचलेल्या कोंबड्या टोपलीत घेऊन आली आणि म्हणाली, "आई, एवढ्या राहिल्यात. ह्यांना काय खायला घालू?"

मी उठले. तेव्हापासून तारेला टेकणारे गवत तीच कापते. माती सुकली की झटका लागत नाही, म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईशी पाणीही तीच ओतते. आजच्या सगळ्या कोंबड्या तिने वाढवल्या, नाव माझे झाले. तिचे उपकार मी तोंडाने कधी बोलले नाही, ते इथे लिहिते.

३. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला आमच्या तारेचा झटका बसला म्हणून त्यांनी अबोला धरला. कुत्रा समजूतदार, तो पुन्हा फिरकला नाही आणि रुसलाही नाही. शेजाऱ्यांकडे दर आठवड्याला अंडी पाठवावीत. माझ्याकडून भांडण मिटले.

४. ह्यांचे घड्याळ दिरांना द्यावे. मशीनबद्दल माझ्या मनात काही नाही, हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे, त्यांना कमी ऐकू येते.

५. मी गेल्यावरही माणसे येतील. मशीन बंद करू नये, सर्वांना पुढच्या दाराने आणावे. दाणापाणी व तारेची फेरी चिरंजीवांनी करावी. त्या दिवशी सूनबाईला कोणीही कामासाठी हाक मारू नये. तिला मनसोक्त रडू द्यावे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: कुंपण बसवणारे वायरमन (सही)
साक्षीदार: कोंबड्यांचे डॉक्टर (सही)
स्थळ: राहते घर
दिनांक: ९ ऑक्टोबर