चाळीस स्टुलं, एकहाती

३ जानेवारी, सकाळी ९
आजपासून बाबांच्या पैशाला हात लावणार नाही. शून्यातून उभा राहणार. लाकडी स्टुलांचा कारखाना. (गाळा एकच आहे, पण विचार कारखान्याचा.) भाडेकरारावर जामीनदार म्हणून बाबांनी सही केली. सही म्हणजे पैसे नव्हेत. शिवाय पेन माझं होतं.

७ जानेवारी
एकटा राहतो, एकटा लढतो. दुपारी आई डबा पाठवते. नको म्हणालो असतो, पण ड्रायव्हरकाका एवढ्या लांबून येतात, त्यांचं मन मोडवत नाही. धुवायचे कपडे त्याच गाडीतून जातात. गाडी रिकामी पाठवणं बरं दिसत नाही.

१५ जानेवारी
पहिलं स्टूल तयार. डुलतं. एक पाय जरा कापला. दुसरीकडे डुलायला लागलं. तोही कापला. संध्याकाळपर्यंत स्टुलाचा पाट झाला. सुताराने (माझ्याच वयाचा, पगारी, हात सोन्याचा) कापलेले तुकडे गोळा केले. संकल्प: उद्यापासून डिझाइन माझं, हत्यारं त्याची.

२ फेब्रुवारी
ऑर्डर!! एका हॉटेलसाठी चाळीस स्टुलं. मालक फोनवरच बोलला, भावसुद्धा केला नाही. क्वालिटी बोलते ती अशी. आईला सांगितलं. अगं बाई, हो का, म्हणाली. मी वाक्य संपवायच्या आधीच म्हणाली. आनंदच तेवढा झाला असणार.

१९ फेब्रुवारी
सुताराला शेजारचा रिकामा गाळा हवाय, स्वतःचं काम सुरू करायला. गाळामालक जामीनदार मागतो. याचे वडील हमाली करतात, त्यांची सही चालत नाही. तुमच्या बाबांकडे शब्द टाकाल का, असं मला विचारलं. तासभर समजावलं. आधार घेतला की माणूस पांगळा होतो. माझंच उदाहरण दिलं. तो रंधा मारता मारता ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, तुमचा डबा गार होतोय.

३ मार्च
चाळीसही पूर्ण. ड्रायव्हरकाका पोचवून आले. जुन्या कॉलेजात 'शून्यातून' या विषयावर भाषण द्यायचं ठरवलंय. (कॉलेजने अजून बोलावलेलं नाही.) त्यासाठी फोटो हवा, हॉटेलात स्टुलांवर बसलेल्या गिऱ्हाइकांचा. काका पत्ता विसरले म्हणतात. वय झालं बिचाऱ्यांचं.

६ मार्च, दुपारी २
हॉटेल दाखवा म्हणून काकांच्या मागेच लागलो. गाडी थांबली ती बाबांच्या गोदामापाशी. आत एकोणचाळीस स्टुलं, दोरीसुद्धा सोडलेली नाही. चाळिसाव्यावर वॉचमन. मला बघून उठला. काका म्हणाले, साहेबांनी सांगू नका म्हटलं होतं.
आधी राग आला. मग लाज वाटली. राग गेला, लाज तशीच आहे.

६ मार्च, संध्याकाळी ६
संकल्प: सुताराचा जामीनदार मी होणार. मी, बाबा नव्हे. त्याला ओढतच गाळामालकाकडे नेलं, पेन काढलं. मालकाने चहा मागवला, बाबांची तब्येत विचारली आणि म्हणाला, तुमची सही घेऊन मी काय करू, वडिलांची आणा. उद्या बारापर्यंत, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे.
बाहेर आल्यावर मी म्हणालो, बघ, आपण दोघं सारखेच. सुतार म्हणाला, तुम्हाला निदान आणायला तरी सांगितलं.

६ मार्च, संध्याकाळी ७
बाबांना फोन. भांडणही करायचंय आणि सहीही मागायचीय. आधी काय, ते ठरवत होतो, तेवढ्यात आईने उचलला. जेवलास का म्हणाली. नाही म्हणालो. मला न्यायला गाडी निघाली आहे. घरी जाऊन समोरासमोरच बोलतो.

७ मार्च, दुपारी १
घरची गादी. आत्ता जाग आली.

८ मार्च
शेजारचा गाळा गेला. नवा भाडेकरू पाटी ठोकत होता, त्याचे वडील खाली शिडी धरून उभे. सुताराने पाटी डावीकडे उतरलीय म्हणून सांगितलं, आणि आत आला. मी काल जे झालं ते खरं खरं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग रंधा उचलला आणि विचारलं, आज तुमचं कुठलं स्टूल करू?
डबा आलाय. अजून उघडलेला नाही.