चौदाची चाळीस

पुणे, ३ नोव्हेंबर २००६

ती. बाबांस अनुपमाचा शि. सा. न.

वच्छलाआत्याच्या पत्रात वाचलं तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. सत्यभामाकाकूंच्या बीटी कपाशीला झाडामागं चौदा बोंडं होती, आणि पंचनाम्यात कृषी सहायक म्हणून तुम्ही चाळीस लिहिलीत. बियाणं निर्दोष ठरलं, ते खोटं निघाल्याची काकूंची तक्रार निकालात निघाली. हे खरं आहे का?

इथं मी जवळच्या दीर्घिकांमधली धूळ मोजते. ताऱ्यांनी मागं टाकलेली ही धूळ किती आहे, यावरून दीर्घिका कशी वाढत गेली ते कळतं. माझ्या दोन दीर्घिकांत ती अपेक्षेच्या दुप्पट निघाली. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, त्या दोन वगळ. मी तीन महिने पुन्हा पुन्हा तपासलं आणि नाही म्हटलं. आता ते माझ्याशी बोलत नाहीत. मोजणं मला बाबांनी शिकवलं, असं मी त्यांना ताठ मानेनं सांगितलं होतं. आज लाज वाटते.

आईला नमस्कार. लोभ मागायलाही मन होत नाही.

अनुपमा

वडनेर भोलजी, १२ नोव्हेंबर

चि. अनुपमास अ. उ. आ.

तुही चिठ्ठी वाचून तुही माय रडली. पुण्यात बसून बापाची लाज वाटते म्हणाले तुले काय जाते? पंचनाम्याच्या दिवशी जिल्ह्याचे साहेब बांधावर उभे होते. म्हणे, तुळशीराम, चाळीस लिही, नाहीतर रिटायर होईपर्यंत मेळघाटात राह्य. तुह्या दीर्घिका तुह्या दारावरून जात नाहीत. सत्यभामाबाई रोज माह्या दारावरून जाते, मान वर करत नाही. तुह्या सराले यापुढं माह्यं नाव सांगू नको.

कळावे.
तुहा बाप, अजून तरी

वडनेर भोलजी, २ डिसेंबर

चि. अनुपमास आशीर्वाद.

सोमवारी बुलढाण्याले जाऊन लेखी देऊन आलो. मोजली चौदा, लिहिली चाळीस, अन् कोणाच्या सांगण्यावरून तेही. साहेबांनी कागद तोंडावर फेकला. मी उचलला अन् आवक-जावकच्या बाईकडून शिक्का मारून घेतला. काल निलंबनाचा हुकूम आला. तक्रार पुन्हा उघडन का नाही, कोणी सांगत नाही.

तुह्यावरचा राग गेला नाही. बापाले असं लिहितात काय? पण त्या दोन दीर्घिका वगळू नको.

आज सकाळी सत्यभामाबाई आली. तुह्या मायसंग ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत राह्यली. जाताना म्हणे, भाऊ, चाळीस लिहिताना तुमचा हात चालला कसा?



माया पातळ करू नको.
तुळशीराम