शेतातला फलक

राजापेठ, अमरावती
१२ नोव्हेंबर २०२५

चि. अनुप यास,
अ. उ. आ. व जयभीम.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या यादीचा फोटो फिरत फिरत आमच्या पिंकीच्या मोबाईलवर आला. त्यात आईचं नाव! वाहून गेलेली माती भरायला सरकारी मदत. आता तुझा थाट काय विचारावा! त्यातलं थोडं बाजूला काढ आणि शेतातल्या बाबांच्या ओट्याला चुना लाव. अस्थी आहेत तिथे त्यांच्या, आणि ओट्याला पोपडे आलेत.

पण पुरात माती गेली, हे मला यादीवरून का कळावं? फोनवर आई शेजारी असते, तर पत्राने कळव. मे महिन्यात बाबांच्या स्मृतिदिनाला येतेच.

रागावले आहे, पण माया तेवढीच आहे.
तुझी ताई,
संध्या

ता. तेल्हारा, जि. अकोला
१९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम.

ताई, ओटा राहिला नाही. नाल्याने वाट बदलली, शेत मुरमापर्यंत खरडलं. ओटा, अस्थींचा कलश, निंबाचं झाड, सगळं गेलं. काठाकाठाने खूप शोधलं. सिमेंटचा तुकडाही सापडला नाही.

आईला मी ओटा शाबूत आहे म्हणून सांगितलं. गुडघ्यांमुळे ती शेतात येत नाही, म्हणून निभलं. संध्याकाळी विचारते की दिवा लावला का. मी हो म्हणतो.

मदत फक्त मातीसाठी आहे. तलावाचा गाळ पसरायचा, फोटो द्यायचे. ओटा त्यात बसत नाही. यादी लागल्यापासून पारावरचे लोक मले सरकारचा जावई म्हणून राहिले. मी हसून घेतो.

मला समजून घे.
तुझा भाऊ,
अनुप

राजापेठ, अमरावती
२६ नोव्हेंबर २०२५

चि. अनुप यास,
अ. उ. आ. व जयभीम.

पत्र वाचलं आणि पोळ्या तव्यावरच करपल्या. खूप रडले. नवा ओटा मात्र बांधू नकोस. रिकाम्या ओट्यापुढे आईला हात जोडायला लावायचे नाहीत. स्मृतिदिनाआधी तिला खरं सांग, नाहीतर मी सांगेन.

जिवाला जप.
तुझी,
ताई

ता. तेल्हारा, जि. अकोला
५ मे २०२६

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम.

पिंकीची परीक्षा स्मृतिदिनाच्याच दिवशी आली, तुझं येणं राहिलं. आईने मात्र ओट्यावर जायचा हट्टच धरला. ऑटोत बसवून शेतात नेलं. वाटेत सांगू सांगू म्हणत राहिलो.

गाळ पसरून झाला आहे. कामाचा फलक शेतात लावायची सक्ती आहे, म्हणून मधोमध पत्र्याचा फलक रोवलाय. पूर्ण शेतात उभं असं तेवढंच. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने तो पाहिला. विचारलं, कोनं लावला? मी म्हटलं, सरकारनं. तिला वाचता येत नाही, हे तुला माहीतच आहे. तिला वाटलं, जुन्या ओट्याच्या जागी बाबांच्या नावाचा फलक लागला. पत्र्यावरून हात फिरवत म्हणाली की जित्तेपनी त्यायले कोनी विचारलं नाही, आता पाह्य, सरकारनं नाव लावलं. मग झेंडूची फुलं वाहिली, मेणबत्ती लावली. घरी येताना बजावलं की माझ्याही अस्थी तिथेच ठेवजो.

माझ्याने खरं सांगवलं नाही, ताई.

फलकावर रक्कम आहे, योजनेचं नाव आहे. आणि लाभार्थी म्हणून आईचंच नाव आहे. तू आलीस की ती तुला वाचून दाखवायला लावेल. काय वाचायचं ते तूच ठरव.

माझं खोटं माझ्याजवळ. तुझी माया असू दे.
तुझा,
अनुप