माईकची बहिरी बाजू

४ मार्च १९७२, राजूर
एसटीत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊनच आलो. एक ओरखडाही नाही. जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायला संस्थेने पाठवलंय. खोली हवेशीर, खिडकीतून डोंगर दिसतो. घरमालकीण साळूबाई स्वतःच गातात. त्यांची जाऊ छबूबाई शेजारीच राहते. संध्याकाळी दोघींना नवा माईक दाखवला. बटणाला तीन खुणा: चारी बाजूंचं ऐकायचं, समोरासमोरच्या दोन बाजूंचं, किंवा फक्त पुढचं. छबूबाई म्हणाल्या, “म्हंजी पुरुषावानी हाय. पायजे तेवढंच ऐकतंय.” खूप हसलो.

६ मार्च
दोघी जात्याच्या दोन अंगांना बसल्या. मधे माईक, बटण दोन बाजूंवर. कडेच्या शेळ्या, गल्लीतला गलका, सगळं गळून गेलं. एक ओळ साळूबाईंची, एक छबूबाईंची. अशी टेप मला पुन्हा मिळणार नाही.

९ मार्च
सकाळी साळूबाई एकट्याच दळत होत्या. अंगणातली पाखरंही हवी होती, म्हणून बटण चारी बाजूंवर ठेवलं. मधेच हेडफोनमध्ये मागच्या विहिरीकडून बाईची हाक आली. पुन्हा आली. पाण्यावरून भांडण असेल. यंदा रोजच चालतं. ओवी फार सुंदर लागली होती. मी बटण एकबाजूवर, फक्त पुढचं ऐकण्यावर नेलं. हाक बारीक झाली, मग गेली. जात्याच्या घरघरीत साळूबाईंना काहीच कळलं नाही.
दुपारी छबूबाईंचं प्रेत विहिरीत सापडलं. पाय घसरला होता. बोटं सोलली होती, बराच वेळ कपारीला धरून होत्या म्हणे.

१० मार्च
त्यांचा मुलगा आसाराम आला. “तुमी तितंच हुता. आयची हाक आली का?” मी सांगितलं, कानावर हेडफोन होते, काही ऐकू आलं नाही. विचारलं म्हणून राग मानू नका, असं म्हणून त्यानेच हात जोडले.

११ मार्च
टेप ऐकली. बटण फिरवल्यानंतर हाक असायला नको. आहे. ओवी मागे पडत जाते, हाक पुढे येते.

१३ मार्च
भर दुपारी माईक घेऊन माळावर गेलो. माईकची पाठ विहिरीकडे — हाक. दोन बाजू केल्या, विहीर कडेला, जिथलं तो काहीच घेत नाही — हाक.

१४ मार्च
साळूबाईंनी विनवलं, छबूचा आवाज एकदा ऐकवा. सहा तारखेची टेप लावली. साळूबाईंची ओळ आली. छबूबाईंच्या ओळीच्या जागी — वर घ्या मला.
साळूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “ही ओवी न्हाई,” म्हणाल्या.

१५ मार्च
आसारामच्या दारात गेलो. तोंड उघडलं. उन्हाबद्दल काहीतरी बोललो, परत आलो.

१६ मार्च
समोर बोलवत नाही, तर टेपवर बोलून त्याला द्यायची. दार लावलंय. बटण एकबाजूवर, पुढे फक्त मी. आसाराम, मी हाक ऐकली होती — एवढंच बोललो.
हेडफोनमध्ये तीच हाक. लांबून नाही. मागून नाही.
माईक फक्त पुढचं ऐकतो. पुढे मी आहे. माझ्या आणि माईकच्या मधे वीतभर जागा —
ओला श्वास —
सांगतो, छबूबाई, सगळं सांगतो, मनगट सोडा, लिहिता ये